निनाद : दगडी कमानीपासून विजेच्या ऑर्गनपर्यंत

धर्मग्रामाचा ज्युबिली-महोत्सव आला म्हणजे मंदिराच्या पायाभरणीचा, भिंतींचा, घंटांचा आणि सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंचा वृत्तांत लिहून ठेवण्याचा आपल्यांत सुंदर प्रघात आहे. परंतु त्या भिंतींच्या आंत जो आवाज भरून राहतो, त्याचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. आज पुष्कळ गायनमंडळांजवळ इलेक्ट्रॉनिक ऑर्गन अथवा की-बोर्ड असतो आणि त्यावर ‘रिव्हर्ब’ या नांवाची एक कळ असते. ती वाढविली म्हणजे वाद्याचा स्वर एखाद्या भव्य मंदिरांतून आल्यासारखा घुमूं लागतो. कमी केली म्हणजे तोच स्वर कोरडा व जवळचा वाटतो. ही कळ कोठून आली, कोणत्या गरजेपोटीं निर्माण झाली आणि ती किती फिरवावी, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय वरकरणी यंत्राचा दिसला तरी त्यांत एक मोठी गोष्ट गुंतलेली आहे. मंदिरांत उच्चारलेला अथवा गाइलेला शब्द शेवटच्या बांकावर बसलेल्या वृद्ध भाविकाच्या कानीं शब्द म्हणून पोंचतो, कीं नुसता नाद म्हणून, हें या कळीच्या उपयोगावरहि अवलंबून असतें.

प्रथम शब्दांचा अर्थ स्पष्ट करूं. डोंगराच्या कड्यासमोर हांक मारिली असतां ती कांहीं क्षणांनीं जशीच्या तशी परत ऐकूं येते. तिला आपण प्रतिध्वनि म्हणतों. निनाद याहून निराळा. बंद वास्तूंत निघालेला आवाज भिंती, जमीन व छत यांवर आपटून हजारों वाटांनीं परत येतो. या परतणाऱ्या लाटा इतक्या दाट असतात कीं, त्या वेगवेगळ्या ऐकूं न येतां मूळ आवाजाच्या मागें एक लांब शेपूट लागल्यासारखें वाटतें. हवेंत ध्वनि एका सेकंदांत सुमारें ३४३ मीटर जातो. म्हणजे वीस मीटर रुंद मंदिरांत तो समोरासमोरच्या भिंतींवर सेकंदांत सतरा वेळां आपटूं शकतो. प्रत्येक खेपेस त्याचें थोडें बळ भिंत शोषून घेते आणि शेवटीं तो विरून जातो. आवाजाची तीव्रता मूळच्या दशलक्षांशापर्यंत, म्हणजे ६० डेसिबलनीं, उतरण्यास जितका वेळ लागतो, त्यास निनादकाल असें म्हणतात.

प्राचीन दगडी मंदिरांचा निनादकाल फार मोठा असे. कॉन्स्टँटिनोपल येथें इ. स. ५३७ सालीं पूर्ण झालेल्या हागिया सोफियाच्या घुमटाखालीं, वास्तु रिकामी असतां, तो दहा सेकंदांच्याहि वर जातो. अशा ठिकाणीं घाईनें केलेलें भाषण समजणें अशक्यच. पण संथ गतीनें, एका स्वरपंक्तींत गाइलेलें स्तोत्र तेथें खुलून येतें. एक स्वर विरत आहे तोंच दुसरा त्याच्यावर येऊन अलगद बसतो आणि थोडक्या गायकांचा आवाज मोठ्या समुदायासारखा भासतो. लॅटिन ग्रेगोरियन गायन अशाच दगडी भिंतींच्या आंत वाढलें आणि पाइप-ऑर्गनचा स्वरहि अशाच भिंतींचा सोबती झाला. प्रवचनासाठीं मात्र जुन्या कारागिरांनीं निराळी योजना केली. प्रवचनपीठाच्या माथ्यावर लाकडी छत्र बसवून, आवाज उंच कमानींत न हरवतां समोरच्या लोकांकडे वळेल अशी तजवीज त्यांनीं ठेविली. गाण्यास निनाद हवा आणि बोलण्यास तो आवरलेला हवा, हा अनुभव अशा रीतीनें विजेच्या शोधाहून कितीतरी जुना आहे.

या अनुभवास शास्त्राचें रूप अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाचे तरुण अध्यापक वॉलेस क्लेमेंट सॅबाइन यांनीं दिलें. १८९५ सालीं विद्यापीठाच्या नव्या फॉग कलासंग्रहालयांतील व्याख्यानगृहाचा दोष दूर करण्याचें काम त्यांच्याकडे आलें. तेथें एकदां उच्चारलेला शब्द सुमारें साडेपांच सेकंद ऐकूं येत राही. तेवढ्या वेळांत वक्ता आणखी पंधरावीस अक्षरें बोलून जाई आणि सगळ्यांचा एकच गोंधळ होई. सॅबाइन यांनीं रात्रीच्या शांत वेळीं ऑर्गनची एक नळी वाजवून, ती थांबल्यावर आवाज किती वेळ टिकतो हें मोजलें. मग जवळच्या सँडर्स नाट्यगृहांतील बैठकींच्या गाद्या आणून अंथरल्या व पुन्हां मोजलें. गाद्या जसजशा वाढल्या तसतसा निनाद आंखूड होत गेला. या परिश्रमांतून १८९८ सालीं त्यांस नियम सांपडला. वास्तूचें घनफळ जितकें मोठें तितका निनाद लांब, आणि तिच्यांतील ध्वनिशोषण जितकें अधिक तितका तो आंखूड. मीटरच्या मापांत घनफळास शोषणानें भागून ०·१६१ नें गुणिलें म्हणजे निनादकाल सेकंदांत येतो. या नियमाच्या आधारें आंखलेलें बोस्टन येथील सिंफनी हॉल १९०० सालीं उघडलें आणि तें आजहि जगांतील उत्तम संगीतगृहांत गणिलें जातें.

शोषणाचें माप म्हणून सॅबाइन यांनीं उघडी खिडकी घेतली. कारण उघड्या खिडकींतून गेलेला ध्वनि परत येत नाहीं. ही कल्पना आपणांस सहज पटेल. वसईचा किल्ला १७३९ सालीं पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आला. त्यांतील जीं मंदिरें आज छपरावांचून उभीं आहेत, तेथें कोणीं गाइलें तर भिंती असूनहि स्वर वर निघून जातो. छताच्या जागीं एक अफाट खिडकीच उघडली आहे असें समजावें. आपल्या कोंकणपट्टींत उकाड्यामुळें मंदिरांचीं दारें व खिडक्या उघडीं ठेवितात, तेव्हांहि थोड्या प्रमाणांत असेंच घडतें. माणसाचें शरीर व वस्त्रें हींहि ध्वनि शोषून घेतात. समजा, एका मंदिराचें घनफळ ६,००० घनमीटर आहे आणि तें रिकामें असतां त्यांतील शोषण ३०० चौरस मीटर उघड्या खिडकीएवढें आहे. नियमाप्रमाणें निनादकाल ३·२ सेकंद येईल. तेथें ६०० भाविक येऊन बसले आणि प्रत्येकानें अर्धा चौरस मीटर भर घातली, तर शोषण दुप्पट होऊन निनादकाल १·६ सेकंदांवर उतरेल. शनिवारच्या तालमींत रिकाम्या मंदिरांत जो ऑर्गन घुमत होता, तोच रविवारीं कोरडा कां वाटतो, याचें उत्तर या साध्या भागाकारांत आहे.

आतां विजेच्या वाद्याकडे वळूं. शिकागोचे घड्याळांचे कारखानदार लॉरेन्स हॅमंड यांनीं १९३४ सालीं विजेच्या ऑर्गनचें पेटंट मिळविलें आणि १९३५ सालीं तें वाद्य बाजारांत आणिलें. त्यांत नळ्या नव्हत्या, हवेचा भाता नव्हता. चुंबकाजवळ फिरणाऱ्या दंतुर पोलादी चक्रांमुळें तारेच्या वेटोळ्यांत विजेचा कंप निर्माण होई आणि तो स्पीकरमधून ऐकूं येई. पाइप-ऑर्गनचा खर्च ज्यांस झेपत नव्हता अशा शेंकडों मंदिरांनीं तें विकत घेतलें. पाइप-ऑर्गन बांधणाऱ्यांस अर्थातच हें रुचलें नाहीं. हॅमंड कंपनीच्या जाहिरातींविषयीं अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनपुढें १९३६ सालीं प्रकरण उभें राहिलें. त्या ओघांत १९३७ सालीं शिकागो विद्यापीठाच्या रॉकफेलर चॅपेलमध्यें हें वाद्य व तेथील मोठा पाइप-ऑर्गन आळीपाळीनें वाजवून श्रोत्यांची परीक्षा घेण्यांत आली, आणि कोणतें वाद्य वाजत आहे हें श्रोत्यांस नेहमींच ओळखतां आलें नाहीं. तरी १९३८ सालीं कमिशननें आपलें वाद्य पाइप-ऑर्गनच्या सर्व स्वरछटा देऊं शकतें असा दावा करण्यास कंपनीस मनाई केली. या परीक्षेसंबंधीं एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. ती एका उंच दगडी मंदिरांत झाली. दोन्ही वाद्यांच्या स्वरांस तेथें एकाच भिंतींचा निनाद लाभत होता, आणि विजेच्या वाद्याची उणीव त्या भिंतींनीं पुष्कळशी भरून काढली असावी, असें आम्हांस वाटतें.

हेंच वाद्य गालिचे व पडदे असलेल्या घरगुती दिवाणखान्यांत गेलें, तेव्हां तें फारच रुक्ष वाटूं लागलें. कळ सोडतांच स्वर कापल्यासारखा तुटे. जेथें भिंती निनाद देत नाहींत तेथें तो वाद्यानेंच दिला पाहिजे, ही गरज येथें उत्पन्न झाली. उपाय सांपडला तो टेलिफोनच्या शास्त्रांत. दूर अंतराच्या तारेंत आवाजास लागणारा विलंब प्रयोगशाळेंत निर्माण करण्यासाठीं बेल टेलिफोन प्रयोगशाळेंत स्प्रिंगेचा उपयोग करण्यांत आला होता. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस हॅमंड कंपनीनें तीच युक्ति आपल्या स्पीकरच्या पेटींत आणिली. वाद्याचा विजेचा कंप स्प्रिंगेच्या एका टोंकास देतात. तो कंप वेटोळ्यांतून धांवत दुसऱ्या टोंकास जातो, तेथून उलटतो, पुन्हां येतो. आणि दुसऱ्या टोंकाशीं त्याची पुन्हां वीज होऊन ती मूळ स्वरांत मिसळते. हवेंतून जातांना ज्यास मोठें मंदिर लागलें असतें, तो प्रवास एका स्प्रिंगेंत घडूं लागला. आरंभींच्या यंत्रांत स्प्रिंगेचा कंप आवरण्यासाठीं तेलाचा उपयोग करीत. यंत्र माणसाच्या छातीइतकें उंच असे. पुढें १९६० च्या सुमारास कंपनीनें तें एका लहानशा, सुमारें ४३ सेंटिमीटर लांबीच्या तबकांत बसविलें, आणि मग तें इतर वाद्यांतहि शिरलें.

गिटारचे ध्वनिवर्धक बनविणाऱ्या लिओ फेंडर यांच्या कंपनीनें १९६१ सालीं या स्प्रिंगेची एक स्वतंत्र पेटी काढिली. तिच्यावर तीन खुंट्या होत्या आणि त्यांची वांटणी आजहि समजून घेण्यासारखी आहे. पहिली, स्प्रिंगेस धक्का किती जोरानें द्यावा याची. दुसरी, मूळ स्वर व निनादी स्वर यांचें मिश्रण किती करावें याची. आणि तिसरी, निनादाचा आवाज तीक्ष्ण असावा कीं मऊ याची. ‘किती’ आणि ‘कसा’ हे निनादासंबंधींचे दोन वेगळे प्रश्न आहेत, हें या तीन खुंट्यांनीं वाजविणाऱ्याच्या बोटांस शिकविलें.

ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रांत याच काळीं दुसरे प्रयत्न चालले होते. स्टुडिओंत एक रिकामी, गुळगुळीत भिंतींची खोली राखून तिच्या एका कोपऱ्यांत स्पीकर व दुसऱ्यांत मायक्रोफोन ठेवीत, आणि तेथील निनाद गाण्यांत मिसळीत. शिकागोचे बिल पटनम यांनीं १९४७ सालीं तर या कामीं स्नानगृहाचा उपयोग केला. परंतु प्रत्येकास अशी खोली कोठून मिळणार? १९५७ सालीं जर्मनींतील ई. एम. टी. कंपनीनें या अडचणीवर तोड काढिली. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि अवघा अर्धा मिलिमीटर जाड असा पोलादी पत्रा चौकटींत ताणून टांगला आणि स्वराचा कंप त्यास दिला. पत्र्यामागें एक शोषक फळी असे. ती जवळ आणिली म्हणजे निनाद आंखूड होई, दूर नेली म्हणजे लांब. एका चाकाच्या फेऱ्यांनीं सुमारें एक सेकंदापासून पांच सेकंदांपर्यंत हवा तसा निनादकाल ठरवितां येई. ज्या कामास सॅबाइन यांस रात्रीं गाद्या वाहाव्या लागल्या, तें काम आतां एका चाकावर आलें.

यानंतर निनाद गणितांत शिरला. बेल प्रयोगशाळेचे मॅनफ्रेड श्रोडर यांनीं १९६१ व १९६२ सालीं दाखवून दिलें कीं, संगणकास स्वरांचे आंकडे देऊन, ते ठराविक विलंबानें पुन्हां पुन्हां स्वतःत मिसळीत गेलें असतां, भिंती व स्प्रिंगा यांवांचूनच निनाद निर्माण होतो. मात्र तो स्वाभाविक वाटण्यास सेकंदास सुमारें एक हजार प्रतिध्वनि पडावे लागतात. हा विचार बाजारांत येण्यास आणखी पंधरा वर्षें लागलीं. १९७६ सालीं ई. एम. टी. २५० आणि १९७८ सालीं लेक्सिकॉन २२४ हीं यंत्रें स्टुडिओंत आलीं. १९८७ सालीं रोलंड कंपनीच्या डी-५० या की-बोर्डांत असा निनाद वाद्याच्या पोटांतच बसविण्यांत आला. १९९१ सालीं त्याच कंपनीनें ठरविलेल्या जी. एस. पद्धतींत निनादाचे आठ प्रकार नेमून दिले. त्यांत ‘रूम’ तीन, ‘हॉल’ दोन व ‘प्लेट’ एक असे होते, आणि उरलेले दोन प्रतिध्वनीचे. प्रत्येक स्वरास किती निनाद द्यावा यासाठीं ९१ क्रमांकाची आज्ञा ठेविली. तिचें मान शून्यापासून १२७ पर्यंत, आणि आरंभींचें मान ४०. आजच्या की-बोर्डाच्या पडद्यावर ‘हॉल’, ‘रूम’, ‘प्लेट’ अशीं जीं नांवें दिसतात, तीं म्हणजे हा सारा इतिहासच होय. ‘प्लेट’ हें त्या जर्मन पत्र्याचें नांव. पत्रा गेला, नांव राहिलें.

येथें एका प्रश्नाचा विचार करणें प्राप्त आहे. असा उसना निनाद मंदिरांत योग्य कीं अयोग्य? पोप दहावे पायस यांनीं १९०३ सालच्या आपल्या आदेशांत गायनास पहिलें स्थान दिलें आणि ऑर्गननें गायनास आधार द्यावा, त्यास दडपूं नये, असें बजाविलें. १९५८ सालीं रोमच्या विधिसंस्कार-मंडळानें काढलेल्या सूचनापत्रांत, लहानसाहि पाइप-ऑर्गन घेण्याची ऐपत नसेल तेथें धर्माध्यक्षांच्या परवानगीनें इलेक्ट्रॉनिक ऑर्गन तात्पुरता चालवून घ्यावा, असें सांगितलें. पुढें १९६३ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनें उपासनेसंबंधींच्या आपल्या घोषणेंत पाइप-ऑर्गनचा मान कायम ठेवून इतर योग्य वाद्यांसहि वाव दिला, आणि लोकभाषेस उपासनेचें दार उघडलें. या शेवटच्या गोष्टीचा निनादाशीं फार निकटचा संबंध आहे. लॅटिन गायनाच्या स्वरांनीं भक्तिभाव जागृत होई, मग शब्द सर्वांस कळो वा न कळो. मराठी मिस्सेंत मात्र शब्द कळावा हाच हेतु आहे. ‘काळ’, ‘गाळ’, ‘जाळ’, ‘टाळ’ या शब्दांत भेद तो एका पहिल्या व्यंजनाचाच. व्यंजनाचा आवाज क्षणिक व नाजुक. स्वराचा आवाज लांब व बलवान. निनाद वाढला कीं मागच्या अक्षराचा स्वर पुढच्या व्यंजनावर पसरतो, आणि अर्थ बुडतो. तेव्हां अयोग्य आहे तो निनाद नव्हे, तर शब्दास झांकणारा निनाद.

आजची अडचण नेमकी कोणती, हें आतां स्पष्ट होईल. निनादाचें यंत्र ज्या खोलींत निनाद नव्हता तिच्यासाठीं निर्माण झालें. तें ‘हॉल’वर ठेवून, ज्या मंदिरास स्वतःचाच निनाद आहे तेथें वाजविलें म्हणजे एका मंदिरांत दुसरें मंदिर बांधिल्यासारखें होतें, आणि दोहोंच्या मध्यें स्तोत्राचे शब्द चिरडतात. वाजविणाऱ्यास हें कळत नाहीं, कारण स्पीकर त्याच्या जवळ असतो. जवळच्या माणसास मूळ स्वर अधिक ऐकूं येतो, दूरच्यास निनाद अधिक.

यास्तव आमची नम्र सूचना अशी कीं, गायनमंडळानें वाद्याच्या कळीस हात लावण्यापूर्वीं मंदिराचा निनाद ऐकावा. रिव्हर्ब शून्यावर आणून एक जोराची टाळी वाजवावी व तिचा नाद किती वेळ टिकतो तें पाहावें. तो दोन सेकंदांहून अधिक टिकत असेल, तर वाद्याचा निनाद बंद ठेवावा अथवा ‘रूम’सारखा आंखूड प्रकार निवडावा. छत खालीं, खिडक्या उघड्या आणि बांक भरलेले असतील, तर निनादकाल दीड-दोन सेकंदांचा ठेवून त्याचें प्रमाण हळूहळू वाढवावें. तो वेगळा म्हणून जाणवूं लागतांच किंचित् मागें घ्यावें. ‘प्री-डिले’ ही कळ असेल तर ती वीस ते तीस मिलिसेकंदांवर ठेवावी. तितक्या वेळांत ध्वनि सुमारें सात ते दहा मीटर जातो, म्हणजे मूळ स्वर आधीं स्वच्छ पोंचून मग निनाद सुरू होतो. द्रुत लयीच्या गीतांस कमी, संथ स्तोत्रांस थोडा अधिक. वाचन व प्रवचन यांच्या मायक्रोफोनवर निनाद मुळींच नसावा. हें सर्व ठरवितांना मंडळांतील एकानें शेवटच्या बांकावर जाऊन बसावें आणि त्याच्या कानांचा निर्णय मानावा. तालमींत ठरविलेलें मान मंदिर भरल्यावर पुन्हां एकदां तपासावें.

एक अपवाद सांगितला पाहिजे. २०२० सालच्या महामारींत मंदिरें बंद असतां अनेक ठिकाणीं मिस्सा घरोघरीं इंटरनेटवरून दाखविण्यांत आली. ऑर्गनची तार थेट यंत्रास जोडिली म्हणजे मंदिराच्या भिंती त्या मार्गांत येतच नाहींत आणि स्वर अगदीं उघडाबोडका जातो. अशा वेळीं वाद्यानें निनाद दिलाच पाहिजे. शिकागोच्या दिवाणखान्यांत जी उणीव भासली होती, तीच येथें पुन्हां उभी राहते, आणि तिचा उपायहि तोच.

असो. ज्या पूर्वजांनीं आपलीं मंदिरें बांधिलीं, त्यांनीं दगड, चुना व लांकूड यांबरोबर एक आवाजहि बांधून ठेविला आहे. तो आवाज कोणत्याहि दुकानांत मिळत नाहीं आणि कोणत्याहि यंत्रांत भरलेला नाहीं. यंत्राचा निनाद हा त्याचा पाहुणा. यजमान नसेल तेथें त्यानें घर सांभाळावें, यजमान असेल तेथें अदबीनें मागें बसावें. ज्युबिलीच्या या मंगल वर्षीं आपल्या मंदिरांत जीं स्तोत्रें उठतील, त्यांचा शब्द अन् शब्द शेवटच्या बांकापर्यंत पोंचो आणि तेथून सर्वांच्या मुखीं परत येवो, हीच आमची प्रार्थना.